गाऊन धरणाऱ्या इंदूमावशी

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी गाडीवरचा बर्फ खरवडत होते. "वैशाली, आई उठत नाहीये. पॅरामेडिक्स आलेत, पण दे आर सेइंग..." पुढचं त्याला बोलवेना. टोरोंटोजवळ रिचमंड हिलमध्ये आमच्या घरांची परसं एकमेकांना लागून आहेत. मी हातातलं तिथेच टाकून धावले. त्याला आता काही आठवडे झाले.

मिलिंदची आई, इंदूमावशी, म्हणजे मराठी मंडळाच्या नाटकांचे कपडे शिवणाऱ्या, हीच त्यांची इथली ओळख. सुई चालायची त्याहून जीभ जास्त. लग्नानंतर काही वर्षं त्या लंडनला होत्या, पण तिथे काय करत होत्या हे मिलिंदलाही धड ठाऊक नव्हतं. मला कळलं ते गेल्या हिवाळ्यात, केवळ माझ्या थट्टेखोर स्वभावामुळे. टोरोंटोतलं एक जुनं थिएटर सत्तरच्या दशकातले स्वस्तातले ब्रिटिश चावट सिनेमे दाखवणार होतं. चहा पिताना मी त्यांना फोनवर पोस्टर दाखवलं. छप्पर दुरुस्त करणारा गडी, शिडी आणि खिडकीत टॉवेल गुंडाळलेल्या बायका. बघा तुमच्या काळची करमणूक, असं म्हणून मी हसले. मावशी हसल्या नाहीत.

"या सिनेमात मी होते," त्या म्हणाल्या.

पडद्यावर नव्हे, कपडेपटात! असल्या सिनेमात कपडेपटाला काय काम, असं वाटेल. पण शूटिंग भाड्याच्या गारठलेल्या घरात, मुली उघड्या, आणि भोवती सिगारेटी फुंकणारे पुरुष. 'कट' म्हटल्याबरोबर धावत जाऊन मुलीच्या अंगावर गाऊन टाकायचा, ही मावशींची नोकरी. त्यात कॅरल नावाची एकोणीस वर्षांची पोर होती. टॉवेल सोडणार नाही, या अटीवर ती एका शॉटला तयार झाली. दिग्दर्शकाने कबूल केलं, आणि मावशींनीही तिला भरवसा दिला. शॉट सुरू झाला आणि नटाने, आधीच कुणी पढवून ठेवल्यासारखा, तिचा टॉवेल ओढला. मावशी 'कट'ची वाट न बघता गाऊन घेऊन कॅमेऱ्यासमोर घुसल्या. दिग्दर्शक पिसाळला. त्याच दुपारी त्यांना घालवून दिलं. कॅरल पुन्हा कधी भेटली नाही, सिनेमा बघायची हिंमत झाली नाही, आणि मग कॅनडा.

"मी वेळेवर पोचले का, तेच कळलं नाही गं," मावशी म्हणाल्या. "माझ्या शब्दावर उभी होती ती."

मिलिंदला आम्ही देवळात जातो म्हणून सांगितलं. देव समजून घेईल. त्या थिएटरात दुपारचा खेळ होता. वाईट सिनेमाला हसायला मुद्दाम आलेली तरुण मंडळी पॉपकॉर्न घेऊन बसली होती. मावशींनी कोटाचं एकही बटण काढलं नाही. शिडी घसरत होती, विजारी फाटत होत्या, लोक हसत होते आणि मावशींची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. "आता जिना येईल..." त्या पुटपुटल्या. जिना आला. केसांना रोलर लावलेली कॅरल आली. नटाने हात पुढे केला, टॉवेल सुटला... आणि त्याच क्षणी कडेने एक सावळा हात आत आला. हिरव्या बांगड्या, निळा गाऊन. कॅरल गळ्यापर्यंत झाकली गेली. चिक्कू निर्मात्याने तो शॉट पुन्हा न घेता विनोद म्हणून तसाच ठेवला होता. थिएटरात सिनेमातला सगळ्यात मोठा हशा पिकला.

"काही दिसलं का?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"नीट सांग मला."

"काहीसुद्धा दिसलं नाही, मावशी."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग कोटाची बटणं सोडली आणि उरलेला भिकार सिनेमा त्या पदराने डोळे पुसत, खो खो हसत बघत होत्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशी गेल्यावर फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीच्या जागी, मिलिंद कावराबावरा झाला होता. आईला साडी नेसवायची तर तिथे दोन पुरुष मदतनीस उभे, आणि तेही बिचारे अदबीने "वी कॅन हेल्प" म्हणत होते. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार आतून लावून घेतलं. एकटीला जड गेलं, निऱ्या तर चारदा सुटल्या. बाहेरून मिलिंदने दोनदा विचारलं, झालं का म्हणून. खांद्यावरचा पदर नीट बसेपर्यंत मी कडी काढली नाही.