इतिवृत्तात नसलेल्या बाई

आमच्या भूगर्भशास्त्रज्ञ संघाला पन्नास वर्षं झाली आणि संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. कामाला हात लावण्याआधीच मी मनाशी ठरवलं, यात टायपिस्टबाईंचं नाव येऊ द्यायचं नाही.

खरं सांगतो, मी बाईंवर जळायचो. वीस वर्षं मी संघाचा कार्यवाह, खडकांवर डॉक्टरेट केलेला, आणि फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न, "बाई आहेत का?" मी म्हणायचो, "मी कार्यवाह बोलतोय, काय काम होतं?" "छे छे, तुम्हाला कशाला त्रास! बाईंनाच द्या."

बाई एकोणिसाव्या वर्षी संघात आल्या. दोन धाकट्या बहिणींची लग्नं करून दिली, स्वतःचं राहून गेलं. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून चाळीस वर्षं शास्त्रज्ञांची गिचमिड अक्षरं निस्तरली. टाइप करता करता कोण कुठला खडक फोडतोय हे त्यांना पाठ झालं. एकदा दोन सभासदांना त्यांनीच कळवलं, "अहो, तुम्ही दोघं एकाच थराच्या दोन टोकांना बसलायत, एकमेकांना पत्र तरी टाका." त्यातून आमचा सर्वांत गाजलेला निबंध झाला. त्यात बाईंचे आभार होते. तपासला मी होता. माझं नाव नाही!

बाईंना वगळायची सोयही आयती होती. बैठकांचं इतिवृत्त बाईच लिहायच्या, आणि लिहिणाऱ्याचं नाव 'उपस्थित' यादीत घालायचं नाही, अशी आमची पद्धत. बैठकांच्या साऱ्या वह्या चाळल्या, बाई कुठेच नाहीत. पुरावा नाही तर उल्लेख नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

हस्तलिखित टाइपिंगला गेलं ते अर्थात बाईंकडेच. चौथ्या दिवशी त्या कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, एका वाक्याला अडलेय. 'कार्यवाह एकाही बैठकीला गैरहजर नव्हते.'"

"वह्यांत तसंच आहे."

"आहे ना, मीच लिहिलंय. वहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा तुम्ही लागोपाठ तीन बैठकांना आला नव्हतात. तीन चुकल्या की पद जातं. म्हणून हजर लिहिलं. पण आता हे छापायचं म्हणजे... तुम्ही सांगाल तसं."

माझी योग्यता पाहून अध्यक्षांनीच तेव्हा कानाडोळा केला असेल, अशी इतकी वर्षं माझी समजूत होती.

"बाई, तुम्ही सगळा इतिहास टाइप केलात. त्यात तुमचं नाव नाही, हे दिसलं नाही?"

"माझं?" त्यांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. "माझं कशाला असेल?"

त्यांना प्रश्नच कळला नव्हता. मला आयुष्यात त्यांचा इतका हेवा कधी वाटला नाही.

मी ते वाक्य खोडलं. त्या जागी तीन बैठका लिहिल्या, नियम लिहिला, आणि पद कोणामुळे राहिलं तेही लिहायला घेतलं.

"अहो साहेब, लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत," मी म्हणालो. पण पेन तिथेच थांबलं. वीस वर्षं एका छताखाली काम केलेल्या बाईंना मला विचारावं लागलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"