सारथी आणि आठवं जंबो

विमानतळावर नोकरीला लागून बावीस वर्षं झाली तरी सारथीनं विमानानं प्रवास असा कधी केला नव्हता. विमानात ती रोज शिरायची, दिवसातून सात-आठ वेळा, पण दारापासून फार तर दहाव्या रांगेपर्यंत. तिथून माणूस उचलून खुर्चीत बसवायचा आणि आल्या वाटेनं बाहेर. ज्या प्रवाशांना चालवत नाही त्यांना व्हीलचेअरवरून नेणं-आणणं हे तिचं काम. 'सारथी' हे नाव कामावरच्याच एका थट्टेखोर सहकाऱ्यानं पाडलं आणि ते इतकं चिकटलं, की नव्या साहेबानं हजेरीला तिचं खरं नाव पुकारलं तेव्हा ती स्वतःच इकडेतिकडे बघू लागली.

धाकट्या बहिणीकडे जायचं नऊ वर्षं नुसतं घाटत होतं. शेवटी बहिणीनंच तिकीट काढून पाठवलं. दोन विमानं, आणि मध्ये एका मोठ्या विमानतळावर साडेपाच तास थांबायचं. ते साडेपाच तास ऐकून घरच्यांच्या जिवाला घोर लागला. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. विमानतळाच्या पार्किंगपुढे त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण कुणाला काय विचारायचं ते त्यानं दोन्ही बाजूंनी कागद भरून लिहून दिलं. बहिणीचे तीन फोन झाले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली की ताई, तू सरळ व्हीलचेअरच सांगून ठेव, म्हणजे ते लोक बरोबर पुढच्या गेटवर नेऊन सोडतात.

हे मात्र सारथीच्या जिव्हारी लागलं.

"आयुष्यभर ढकलली ती खुर्ची," ती म्हणाली, "आता तिच्यातच बसून येऊ? पाय शाबूत आहेत माझे. आणि डोकंही."

पहिल्या विमानात तिला मधली जागा मिळाली. एका बाजूला पैलवानी खांद्याचे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक बाई. त्या बाईंनी बसल्या बसल्या खिडकीचा पडदा खाली ओढला आणि झोपून गेल्या. त्यामुळे पहिला विमानप्रवास म्हणजे समोरच्या सीटची पाठ, एवढंच तिच्या वाट्याला आलं. साडेआठला ती त्या मोठ्या विमानतळावर उतरली. पुढचं विमान दोनला होतं.

नवऱ्याचा कागद तिनं पर्समध्ये घडी करून ठेवला आणि सरळ पाहणीला निघाली. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की आधी दाराच्या चौकटीवरून हात फिरवतो, तसं तिचं झालं. तिनं उतार बघितले. लिफ्टचं दार मिटायला किती वेळ घेतं ते मनातल्या मनात मोजलं. खुर्च्या कुठे ठेवतात, पाय ठेवायच्या पट्ट्या जागेवर आहेत की तुटल्यात, सगळं न्याहाळलं. स्वच्छतागृहांची दारं ऐसपैस होती, त्याचे तिनं पैकीच्या पैकी गुण दिले. पण गेटांकडे जाणाऱ्या सगळ्या वाटेवर जाड गालिचा अंथरलेला होता. असल्या गालिच्यावर दिवसभर खुर्ची ढकलली की संध्याकाळी खांदे काय बोलतात, हे गालिचा निवडणाऱ्याला कुणी सांगितलं नसणार.

मग ती काचेपाशी आली आणि तिथेच थबकली. तिच्या विमानतळावर तिची बहुतेक ये-जा आतल्या बंद वाटांनी चालायची; छोट्या विमानापाशी खाली उतरलीच तरी नजर पायऱ्यांवर. विमान म्हणजे तिच्या लेखी एक दार आणि दारामागची अरुंद वाट. इथे मात्र अख्खीच्या अख्खी विमानं समोर उभी होती, नाकापासून शेपटीपर्यंत. एक धावत गेलं आणि उचललं, त्याच्या मागोमाग दुसरं. ती अर्धा तास जागची हलली नाही.

एकतीस नंबरच्या गेटजवळ तिला ती रांग दिसली. पाच व्हीलचेअर ओळीनं उभ्या, पाचही भिंतीकडे तोंड करून. समोर अत्तराची जाहिरात. चार माणसं बसल्या जागी पेंगत होती. पाचव्या खुर्चीत साधारण ऐंशीच्या एक बाई होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, गळ्यात दुर्बीण, मांडीवर जाडजूड डायरी. पाठीमागची काच दिसावी म्हणून त्या मान इतकी वळवत होत्या की बघणाऱ्याचीच मान दुखावी.

सारथीला राहवेना. तिनं पायानंच ब्रेक सोडला आणि एका झोकात खुर्ची काचेकडे वळवली. बाईंना धक्कासुद्धा बसला नाही.

"हे तू पहिल्यांदा करत नाहीस," बाई म्हणाल्या.

"बावीस वर्षं झाली, आजी."

"आजी मी माझ्या नातवंडांची. मला बाई म्हण. चौतीस वर्षं भूमापन खात्यात नकाशे काढले मी. तिथे सगळे नकाशेबाईच म्हणायचे."

ओळख व्हायला एवढं पुरलं. नकाशेबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती म्हणून मुलानं हट्टानं खुर्ची सांगून ठेवली होती. त्या चालल्या होत्या आपल्या घरी. विमानं बघायचा नाद जुना. कचेरीच्या गच्चीवर डबा खाताना लागलेला. वरून गेलेलं प्रत्येक विमान कोणत्या जातीचं आणि त्याच्या अंगावर नोंदणीची कुठली अक्षरं, ते त्या टिपून ठेवायच्या. मांडीवरची डायरी सतरावी होती.

त्यांनी दुर्बीण सारथीच्या हातात दिली आणि दूरवर उभं असलेलं एक छोटं विमान दाखवून विचारलं की हे कोणतं, सांग बघू. शेपटीवरून ओळखता येतं.

"शेपटीचं मला काही कळत नाही," सारथी म्हणाली, "पण थांबा. याच्या दाराचाच जिना होतो. पायऱ्या पाच, शेवटची आखूड. माणूस उतरवायचा तर दोघं लागतात, आणि खालच्यानं उलटं चालायचं."

नकाशेबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हे विमान त्या पंचवीस वर्षं ओळखत होत्या, पण पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. त्यांनी डायरी उघडून समासात लिहून घेतलं. मग हा खेळच सुरू झाला. बाईंनी बाहेरून विमान दाखवायचं, जात सांगायची; सारथीनं आतलं सांगायचं. कुणाचा उंबरा बोटभर वर राहतो आणि खुर्चीची मागची चाकं आधी घ्यावी लागतात. कुणाची मधली वाट इतकी चिंचोळी की आतली अरुंद खुर्चीसुद्धा घासत जाते. बाईंनी सहा हजारांवर विमानं टिपली होती, पण स्वतः त्या फक्त नऊ जातींच्या विमानांत बसल्या होत्या. सारथी सगळ्यांच्या आत जाऊन आली होती आणि दार सोडलं तर बाहेरून तिला एकही ओळखू येत नव्हतं. दोघींनाही याची गंमत वाटली.

बोलता बोलता बाईंनी मनातलं सांगितलं. पावणेबाराला इथे एक मालवाहू जंबो उतरणार होतं. एकाच कंपनीनं एकाच वर्षी घेतलेली आठ जंबो, त्यांतली सात त्यांच्या डायऱ्यांत नोंदलेली. हे आठवं. पण माल चढवायची-उतरवायची जागा पलीकडच्या बाजूला. वरच्या मजल्याच्या अगदी टोकाला गेलं तरच ती दिसायची. आणि त्यांना बजावलं होतं की इथून हलायचं नाही.

सारथीनं घड्याळ बघितलं. अकरा.

"सकाळी किती वाजता आणून बसवलं तुम्हाला?"

"सात दहाला."

"त्यानंतर बाथरूमला जायचं का, म्हणून विचारलं कुणी?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. सारथीनं खुर्ची वळवली आणि आधी ते काम उरकून आणलं. परत येतात तोच छातीवर बिल्ला लावलेला एक तरुण मुकादम समोर उभा. हातात कागदांची फळी, कपाळावर आठ्या.

"खुर्ची कोणी हलवली? आमच्या माणसाशिवाय हात लावायचा नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

हे वाक्य सारथीला तोंडपाठ होतं. प्रवाशांच्या नातेवाइकांना तिनं ते किती वेळा ऐकवलं होतं त्याला गणती नाही. त्यामुळे ती चिडली नाही.

"जबाबदारी तुमचीच," ती म्हणाली. "मीही हेच काम करते, म्हणून विचारते. तुमच्या कागदावर सात दहापासून बाथरूमचा रकाना भरलाय का?"

मुकादमानं फळीवरचा कागद पाहिला. रकाना कोरा होता. त्याचा आवाज खाली आला. आज चार माणसं आणि एकोणीस खुर्च्या, तो म्हणाला, दोघं आजारी आहेत. सारथीला तेही नवीन नव्हतं. तिच्याकडे सुट्टीच्या दिवसांत याहून वाईट हाल असायचे. तिनं पर्समधून आपलं नोकरीचं ओळखपत्र काढून त्याच्या फळीवर ठेवलं. हे राहू द्या तुमच्याकडे, वेळ लिहा, साडेबाराला खुर्ची जागेवर आणते, असं तिनं सांगितलं.

त्यानं ओळखपत्र पाहिलं, मग तिच्याकडे. ती उभी होती ती एक पाय ब्रेकवर आणि दोन्ही हात मुठींवर सैल ठेवून. हे उभं राहणं शिकवून येत नाही. त्यानं वेळ लिहिली. वर म्हणाला की पुढची लिफ्ट कालपासून बंद आहे, खाण्याच्या दुकानांमागची सामानाची लिफ्ट घ्या, मी तिथल्या माणसाला कळवतो.

थोडं पुढे गेल्यावर सारथीनं मागे वळून पाहिलं. तो उरलेल्या चार खुर्च्यांची तोंडं एकेक करून काचेकडे फिरवत होता.

पुढची पंचवीस मिनिटं सारथी आपल्या खऱ्या रंगात आली. गर्दीतून वाट कशी काढायची ते तिला ठाऊक होतं: ओरडायचं नाही, लोकांच्या पायांकडे न बघता त्यांच्या बॅगांच्या चाकांकडे बघायचं. सामानाच्या लिफ्टमध्ये भाजीच्या क्रेटांमधून त्यांना जागा करून दिली गेली. वरचा मजला ओलांडायला बाईंनी नकाशा काढल्यासारख्या सूचना दिल्या, खांबामागून डावीकडे, दुकानाच्या आतून सरळ. त्यांचं दिशेचं ज्ञान पक्कं होतं. टोकाची काच आली तेव्हा बारा वाजायला सतरा मिनिटं कमी होती.

जंबो आलं. पाठीवर उंचवटा, चार इंजिनं, आणि बाजूला एकही खिडकी नाही. जमिनीला टेकलं तेव्हा चाकांखालून धूर निघाला. मग ते सावकाश वळत आपल्या जागेकडे आलं आणि नेमकं शेपटीपाशी एका गोदामाचं छप्पर आडवं आलं. अक्षरं दिसेनात. नकाशेबाई दुर्बीण लावून बसून राहिल्या. दुर्बीण हलू नये म्हणून सारथीनं त्यांच्या कोपरांखाली आपली पर्स आणि स्वेटर रचून दिले. पिवळ्या ट्रॅक्टरनं विमान थोडं मागे रेटलं, शेपटी छपराच्या बाहेर आली आणि बाईंनी नोंदणीची शेवटची दोन अक्षरं हलक्या आवाजात वाचली.

"के. एल."

त्यांनी डायरीत लिहिलं, वेळ घातली, खाली एक रेघ मारली. मग म्हणाल्या, "झालं. चल."

पण सारथी जागची हलेना. दुर्बीण आता तिच्या डोळ्यांना होती.

"बाई, याला दार कुठाय?"

"बाजूला असेल की मोठं."

"तसं नाही. थांबा जरा."

त्या थांबल्या. साडेबारा वाजून गेले. बावीस वर्षांत खुर्ची उशिरा परत करायची सारथीची ही पहिली वेळ, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. मग विमानाचं नाकच हळूहळू वर उचललं जाऊ लागलं. वरची वैमानिकांची खोली जागेवर, तिच्याखालचं सगळं नाक पार आभाळाकडे. माल भरायला ते रिकामंच आलेलं; आत लांबच लांब मोकळी जागा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढं मोठं दार सारथीनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"उंबराच नाही याला," ती म्हणाली. "सपाट. हातानं ढकलत नेलं तरी अडायचं नाही."

तिनं दुर्बीण बाईंना दिली. नकाशेबाईंनी आजवर जंबोचं नाक उघडताना प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. अक्षरं मिळाली की त्या पुढच्या विमानाकडे वळायच्या. त्या बघत राहिल्या आणि मग दोघी कितीतरी वेळ हसल्या, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

खुर्ची सव्वाएकला जागेवर गेली. मुकादमानं घड्याळाकडे नुसतं बोट दाखवलं आणि ओळखपत्र परत दिलं. निघताना बाईंनी फोन नंबर लिहून घेतला आणि सांगितलं की गेटवर जाऊन खिडकी माग, डावीकडची, पंखाच्या मागची. सारथीनं मागितली आणि मिळाली. बहिणीकडे पोचल्यावर बहिणीनं विचारलं की ताई, एवढा वेळ कसा गं काढलास एकटीनं. सारथी म्हणाली की वेळ कमी पडला.

आता सारथीच्या खिशात एक छोटी वही असते. ड्युटीवर ज्या ज्या दारातून जाते त्या विमानाची अक्षरं ती टिपते. आकडा चारशेच्या पुढे गेलाय. सहकारी हसतात, पण कुठलं विमान पूर्वी कधी आलं होतं हे विचारायलाही तिच्याकडेच येतात. रविवारी नकाशेबाईंचा फोन असतो. सारथी अक्षरं वाचते, बाई जात सांगतात. मात्र डायरीत त्या लिहीत नाहीत. दुसऱ्यानं पाहिलेलं आपण लिहायचं नाही, हा त्यांचा नेम.

गेल्या रविवारी बाईंनी कळवलं की मुलाकडे जायचं तिकीट काढलंय, सारथीच्या विमानतळावरून. सरळ जाणारं विमान होतं तरी त्यांनी मध्ये सहा तास थांबायचं घेतलं, आणि मुलाशी त्यावरून वाजलंसुद्धा. सारथीनं तारीख लिहून घेतली आणि तेवढी एक ड्युटी बदलून मागितली.

"व्हीलचेअर मात्र सांगून ठेवू नका," ती म्हणाली. "दारात मीच उभी असेन."