‘माझा!’ म्हणून ओरडलो तेव्हा

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय तरी आधी दार लावून आलोय बघा — या वयात! हसू नका.

कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल टीमकडून बॅक खेळलेल्या माणसाला लोक विसरत नाहीत. मला तर पेठेनं नावच ठेवलेलं — बुरूज. राजारामपुरीत राहायला येऊन जमाना झाला, तरी जुने रिक्षावाले अजून विचारतात, ‘काय बुरूज, कुठं सोडू?’ आणि दरवेळी मी नजर चुकवतो. का? कारण बुरूज भित्रा होता. पाय मी कुणाच्याही पायात घालायचो, त्याचं काही नाही. भीती होती ती डोक्याची. उंच आलेला बॉल, समोरून धावत येणारा गडी, दोघांची डोकी एकाच जागी — नुसत्या विचारानंच डोळे मिटायचे. ते मी कसं झाकलं, माझं मलाच ठाऊक.

छे, भलतीकडंच चाललोय. सांगायचंय ते सदाचं.

सदा आमचा गोलकीपर. माझ्याच गल्लीतला, लंगोटीयार. त्याचं आजोळ पलीकडच्या पेठेत, आणि फायनल लागली नेमकी त्याच पेठेशी. आम्हा दोघांत एक ठरलेलं होतं — उंच बॉल आला आणि मी ‘माझा!’ म्हणून ओरडलो, की सदानं जागा सोडायची नाही. माझ्या आवाजावर तो डोळे झाकून विसंबायचा.

मॅच संपत आलेली, बरोबरी. त्यांचा कॉर्नर. सदा बॉलवर निघालाच होता. मी ओरडलो — ‘माझा!’ तो थांबला. आणि समोरून त्यांचा सेंटर फॉरवर्ड आला, रेड्यासारखा, आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी मान खाली घातली. डोळे मिटून वाकलो. बॉल माझ्यावरून गेला, त्यानं डोकं लावलं, गोल झाला. लोकांना वाटलं, त्यानं मला धक्का मारला. त्या गोंगाटात माझी हाक सदाशिवाय कुणाला ऐकू गेली नव्हती.

संध्याकाळी, आमची टीम ज्या तालमीची त्या तालमीपुढं सगळी पेठ जमली. हलगी गप्प. कुणीतरी सदाची कॉलर धरली. ‘जागचा का हलला न्हाईस? मामाच्या पेठंला मॅच दिलीस व्हय रं?’

सदानं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

‘मी ओरडलो, मीच वाकलो’ — एवढंच म्हणायचं होतं की हो! पण त्या गर्दीचे डोळे बघितले. सदाची कॉलर सोडून माझी धरतील, या भीतीनं मी स्वतःच्या चपलेकडं बघत राहिलो. सदाही बोलला नाही. का बोलला नसेल? हाच विचार मला खातो. पुढं त्याला कुठल्याच टीमनं घेतलं नाही. घरावर दगड पडायला लागले तसा तो पेठ सोडून गडमुडशिंगीला, खेड्यात निघून गेला. मी बुरूज म्हणून आणखी कितीतरी सीझन खेळलो.

परवा तालमीनं माझा सत्कार ठेवला. फेटा, फ्लेक्स, सगळं. आणि पहिल्या रांगेत — सदा! आता हा उठणार, सगळं सांगणार. तोवर त्याला न ओळखणाऱ्या एका तरण्या कार्यकर्त्यानं त्याच्यापुढं माइक धरला. ‘पावणं, तुमीबी दोन शब्द बोला की!’ स्वतःच्या पेठेत पावणं झालेला तो.

सदा उभा राहिला. म्हणाला, ‘ह्यो म्होरं हुबा असला की मला कशाचं भ्या वाटायचं न्हाय. ह्यानं आवाज दिला की मी निवांत.’

टाळ्या पडल्या. त्यानं माइक माझ्यापुढं केला. मी धरला, तरी त्यानं लगेच सोडला नाही. माझ्याकडं पाहिलं — तसंच.

समोर सगळी पेठ गप्प बसून ऐकत होती.

मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो.