निरोप कोणाचा

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खोलीत, खिडकीजवळचं टेबल मोजणीबाईंचं. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही. पण अठ्ठावीस वर्षं जी बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजते, तिला दुसरं काय म्हणणार? डाव्या हाताखाली बटणांचं छोटं यंत्र. पेशी दिसली की त्या जातीचं बटण टक्कन दाबायचं, शंभर झाल्या की घंटी वाजते. ‘आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून’ हा लोकांसाठी टोमणा असेल, बाईंना त्याचाच पगार मिळत होता. हा विनोद त्यांचाच, आणि कामाला लागलेल्या प्रत्येक नव्या मुलीला तो ऐकून हसावंच लागे.

बाईंचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. दिसेल ते मोजायचं, का झालं ते सांगायचं नाही. अहवालाच्या तळाशी शेऱ्याचा एक चौकोन असतो, तिथे नवशिके अक्कल पाजळतात. डॉक्टर फोनवर खोदून खोदून विचारायला लागले की बाई म्हणत, “कारण तुम्ही शोधा. त्यासाठीच तुम्हाला वरचा मजला दिलाय.”

मग त्यांच्या धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली. केमो सुरू झाली. केमोला आपपरभाव नसतो, तिथे सुक्याबरोबर ओलंही जळतं. तिसऱ्या खेपेनंतर धाकटीच्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की शंभराची घंटी वाजायला बाईंना रक्ताच्या तीन काचपट्ट्या लागल्या. डॉक्टरांनी धाकटीला दाखल करून घेतलं आणि रोज एक इंजेक्शन चालू केलं.

या इंजेक्शनची गोष्ट बाई मुलींना नेहमी सांगत. अंगात जंतू शिरले की तिथल्या पेशी बारीक रेणू सोडतात. ते रेणू म्हणजे निरोप. रक्तातून तो निरोप हाडांतल्या मगजापर्यंत पोचतो, की कुमक धाडा. मगज तयार पेशी तर धाडतोच, वर अर्धकच्च्या कोवळ्या पेशींनाही पिटाळतो. इंजेक्शनात तोच रेणू असतो, फक्त कारखान्यात केलेला. “निरोप तोच गं, धाडणारा वेगळा,” बाई म्हणत. “मगज काही विचारत बसत नाही, कोण आलंय म्हणून.”

सहाव्या दिवशी सकाळी धाकटीचं रक्त घेतलं तेव्हा बाई तिच्या उशाशीच होत्या.

“ताई, आज आकडा चांगला आला तर सोडतील ना गं?”

“आधी येऊ तर दे.”

“मला माझ्या पलंगावर झोपायचंय. तू सांग ना डॉक्टरांना. तुझं ऐकतात ते.”

तिच्या कपाळाला बाईंनी हात लावला. थोडी कणकण होती. कणकण इंजेक्शननेही येते. बाईंनी नळी कोणाकडे दिली नाही, स्वतःच्या मुठीत धरून जिना उतरल्या. टेबलावर ठेवली तेव्हा ती अजून कोमट होती.

कालपर्यंत हजाराच्या आत असलेला आकडा कोपऱ्यातल्या मोठ्या मोजणी-यंत्राने सोळा हजार दाखवला. बाईंचा जीव भांड्यात पडला. काचपट्टीवर कोवळ्या पेशी होत्या, त्यांत गडद दाणे होते. इंजेक्शनच्या निरोपाने आलेल्या पेशी अशाच दिसतात. जंतूंच्या निरोपाने आलेल्याही अशाच दिसतात. हे बाईंनी किती मुलींना सांगितलं असेल!

मग दोन-तीन पेशींत पोकळ्या दिसल्या, पीठ आंबल्यावर पडतात तशा. पेशी जंतू गिळत असली की अशा पोकळ्या पुष्कळदा दिसतात. इंजेक्शननेही क्वचित दिसतात. आणि रक्त नळीत फार वेळ पडून राहिलं तरी दिसतात. बाई स्वतःशी म्हणाल्या, रक्त पडून राहिलं असेल. त्यांचाच हात त्या नळीच्या उबेने अजून गरम होता, आणि तरी त्या असं म्हणाल्या. माया आंधळी असते म्हणतात ते मला पटत नाही. मायेला सगळं दिसतं, फक्त कारणं तिला हवी ती सुचतात.

डॉक्टरांचा फोन आला.

“बाई, थोडा ताप आहे. एक दिवस ठेवून औषध सुरू करू, की जाऊ दे घरी? तुम्हाला काय वाटतं, इंजेक्शन की जंतू?”

अठ्ठावीस वर्षं बाई या प्रश्नावर फटकन रिसीव्हर ठेवत आल्या होत्या.

“इंजेक्शनचंच आहे,” त्या म्हणाल्या, आणि शेऱ्याच्या चौकोनातही तेच लिहिलं. पोकळ्यांबद्दल लिहिलं नाही.

दुपारी धाकटी घरी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला परत आणलं तेव्हा हातपाय गार पडले होते, रक्तदाब लागत नव्हता. जंतू रक्तात पसरले होते. या वेळी काचपट्टी दुसऱ्या मुलीने बघितली, आणि तिला मोजायला फारसं काही सापडलं नाही. कुमक संपली होती. संध्याकाळच्या आत धाकटी गेली.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, “निर्णय माझा होता, बाई. इंजेक्शन चालू असताना नक्की कोणालाच सांगता येत नाही.” ते खरंच होतं. पण पोकळ्यांचं डॉक्टरला माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी धाकटीचा नवरा तिचे राहिलेले कागद न्यायला आला. बाईंनी आदल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं, याला सगळं सांगायचं, मग तो तोंडात मारो की जन्मात तोंड न बघो. त्यांनी मुलींना बाहेर पाठवलं, दार लावलं, त्याला खुर्ची दिली.

“मला तुम्हाला काही सांगायचंय,” त्या म्हणाल्या.

“आधी मी सांगतो, ताई. नाहीतर मला जमायचं नाही.” त्याने चष्मा काढला. “तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत म्हणून ती घरी आली. दोन रात्री आपल्या पलंगावर झोपली. म्हणाली, ताईने आणलं मला. तेवढंच आता माझ्याजवळ आहे. तुमचे उपकार मी कसे फेडू?”

तो ढसाढसा रडायला लागला. बाई उभ्याच होत्या. सांगावं तर त्याच्याजवळ उरलेलं तेवढंही जाणार, न सांगावं तर हे उपकार आपल्या माथी जन्मभर राहणार.

“तुम्ही काय म्हणत होतात, ताई?” डोळे पुसत त्याने विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “तिला घरी जायचं होतं.”