चक्कर आल्याचं पत्र

आमच्या लेकीने मेडिकलसाठी दोन ठिकाणी अर्ज केले होते, एक इथे बहरीनमध्ये आणि एक भारतात. नव्वदचं दशक, सगळा कारभार पोस्टाने. दोन्ही कॉलेजांनी कळवलं की अर्जानंतर काही नवीन केलं असेल तर इंटरव्ह्यूच्या आधी एका पानात लिहून पाठवा. त्याला म्हणे अपडेट लेटर म्हणतात. मला हे लगेच पटलं. मुलगी बघायला यायचे असले की आपण नाही का आधीच निरोप धाडत, पोरगी आता टायपिंग पण शिकली म्हणून? तसंच हे, असं मी धरून चालले.

सांगण्यासारखं भरपूर होतं. बायॉलॉजीत वर्गात पहिली, वक्तृत्वाचं बक्षीस, शिवाय सुट्टीत सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात व्हॉलंटियर. पण बाईसाहेबांनी मार्कांना एक ओळ दिली आणि बाकी पानभर काय लिहावं? की जखमेची ड्रेसिंग बघताना मला चक्कर आली आणि मी पडले!

पडली होती हे खरंच. कपाळावर टेंगूळ घेऊन घरी आली तेव्हा मीच हळद लावली होती. कोकणातला एक सुतार, हाताला करवत लागलेली, त्याची ड्रेसिंग चालू होती. ही धाडकन खाली. तो बिचारा आपला कापलेला हात सांभाळत खाटेवरून उतरला, हिला पाणी पाजलं, म्हणाला, "बस गो बाय, घाबरू नको." दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता पुरे. तर ही डबा घेऊन तयार! त्याच सुताराकडे गेली आणि ड्रेसिंग संपेपर्यंत त्याचा हात धरून उभी राहिली.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले. "बघायला येणाऱ्यांना कुणी आधीच कळवतं का, की आमच्या मुलीला घेरी येते म्हणून?"

"आई, धिस इज नॉट अ मॅरेज प्रपोझल."

"त्याच्याहून वाईट आहे! तिथे एकाने नाही म्हटलं तर दुसरा येतो. इथे सीट गेली की गेली, खलास!"

हिचे बाबा शिफ्टवरून येऊन जेवत होते. मी त्यांना म्हटलं, अहो, काहीतरी बोला. त्यांनी पान वाचलं आणि मलाच विचारलं, "शुक्रवारी वंदनेला सगळ्यांत मोठ्याने पंचशील कोण म्हणतं? त्यातलं चौथं काय आहे?"

"न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे," मी म्हटलं. बापलेक एकमेकांकडे बघून हसले. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पत्रं गेली ती गेलीच.

महिन्याभरात भारतातल्या कॉलेजचा नकार आला. कारण लिहिलं नव्हतं, पण मला कारण सांगायला कुणी कशाला हवं? दोन दिवस मी हिच्याशी धड बोलले नाही. आता इथली एकच सीट उरली होती, आणि ती हुकली तर डॉक्टर व्हायचं हे लहानपणापासूनचं वेड सोडून बी.एस्सी.ला बसायचं. ही तशीच शांत. सकाळी उठायची, अभ्यास, शाळा. रडली असेल तर उशीला माहीत. एवढीशी पोर, पण धीर माझ्या दुप्पट.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि हिच्यासोबत गेले. बाहेरच्या खुर्चीवर पदर पिळत बसले. आतून आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय विचारलं?"

"फेन्टिंगबद्दलच. बाकी काहीच नाही."

"आणि?"

टॅक्सीत बसल्यावर तिने सांगितलं, आणि चक्क मराठीत. एका डॉक्टरांनी विचारलं होतं, पुन्हा चक्कर आली तर काय करशील? "मी म्हटलं, पडायच्या आधी खाली बसेन. पेशंटला माझ्यासाठी उठायला लागू नये."

मी खिडकीतून बघत राहिले. नऊ महिने पोटात वाढवलेली, वरणभाताला नाक मुरडणारी ही पोर, आणि एवढं शहाणपण हिच्यात आलं कुठून? तिला सीट मिळो न मिळो, त्या दिवशी मी मनातल्या मनात तिच्यापुढे हात जोडले.

मग वाट बघणं. पोस्ट बॉक्सची किल्ली बाबांकडे. रोज संध्याकाळी ते दारात आले की मी हातांकडे बघायची, आणि ते मान हलवून इथल्या अरबीत म्हणायचे, "मफी," म्हणजे काही नाही. एका गुरुवारी मी पोळ्या लाटत होते. ते आले ते चपला न काढताच थेट स्वयंपाकघरात. हातात फोडलेलं पाकीट. "मिळाली सीट!" एवढंच म्हणाले, डोळे भरलेले.

मला घेरी आल्यासारखं झालं. तव्याखालचा गॅस बंद केला आणि ओट्याला धरून तिथेच फरशीवर बसले.

लेक धावत आली, पाणी आणलं, माझी नाडी बघायला लागली. "आई, आर यू ओके?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "पडायच्या आधी बसले."