जवळ्याच्या खळ्यावरचा भूगोल

नाखवा सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात स्मार्टबोर्डवर पृथ्वी फिरवून दाखवत होते. फोन त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा. "हे गेले गं..." एवढंच. मी बोर्ड बंद केला आणि बाहेर येऊन उभी राहिले. त्याला आता महिना होऊन गेला.

आमच्या कॉलेजात भूगोलाचे आम्ही दोघंच. बोर्ड बसला तेव्हा मी भलतीच खूश होते. रंगीत नकाशे काय, ढग काय! सर मात्र दिघीहून आगरदांड्याला येताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचे धडे बोलायचे आणि मुलींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे. "सर, नुसता वारा ऐकू येतो हो," मी चिडवायची. "तुला. आमच्या पोरी वाऱ्यातच वाढल्यात." ते स्वतः कोळीवाड्यातले. मासळीच्या हंगामात पोरी कॉलेजला का येत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायला लागत नव्हतं. किनाऱ्यावरच्या खळ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मोकळे असतात, एवढा साधा विचार. फक्त अट अशी, की ऐकलेला धडा प्रत्येकीने आपल्या शब्दांत बोलून परत पाठवायचा. मला ते सगळं खूळ वाटायचं, खरं सांगते.

मग रूपालीचं प्रकरण झालं. हुशार पोर, पण हजेरी फारच कमी. तिला परीक्षेला बसू द्यायचं नाही असं ठरत आलं होतं, आणि घरी स्थळ बघून ठेवलेलं. वर्ष गेलं असतं तर शिक्षणच संपलं असतं. सर प्राचार्यांकडे गेले, मला ओढूनच नेलं.

"मोबाइलवर ऐकलं म्हणजे शिकली का हो?" प्राचार्य म्हणाले.

सरांनी तिचं रेकॉर्डिंग लावलं. मागे बायकांचा गलका, कावळे, आणि रूपाली उधाणाची भरती समजावतेय. मध्येच तिच्या आईचा आवाज, "मंग अष्टमीला भांग कशाला?" भांग म्हणजे लहान भरती. रूपाली जराही अडखळली नाही. "तवा चंद्र नि सूर्य काटकोनात असतात, आये. एक इकडं वढतो, दुसरा तिकडं."

"म्हंजे तुझा बा नि मी!"

प्राचार्य खो खो हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "नाखवा, पुन्हा लावा." रूपाली परीक्षेला बसली, पहिल्या वर्गात आली. सरांची छाती काय फुगली होती त्या दिवशी... आणि माझीही, का लपवू? असा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत होता!

रूपाली आता अलिबागला नोकरी करते. आई मात्र तिच्या जुन्या नंबरवरून ग्रुपवरच राहिली. सरांनी तिला कधी काढलं नाही, उलट तिच्या प्रश्नांची वाट बघायचे.

परवा वहिनींनी सरांचा मोबाइल माझ्या हातात दिला. "तो ग्रुप बंद कर बाई, मला बघवत नाही." मी उघडला. शेवटचा धडा अर्धाच होता. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे सांगून झालेले, रात्री जमिनीवरून सुटणारे मतलई वारे राहिलेले. त्याखाली मुलींनी पाठवलेले जोडलेले हात, ओळीने. आणि सगळ्यात खाली रूपालीच्या आईचा आवाज...

"सर गेलं, ठाव हाय. लय वाईट झालं. पन मतलईचं सांगायचं ऱ्हायलं. आता कोन सांगनार?"

वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, होय म्हणून. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"ऐका गं बायांनो. धडा सरांचाच आहे, आज सांगते मी."