तळीचा पाचवा हात

आमच्या हिच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडणार नाही. नळदुर्गात हायवेच्या कडेला त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि ट्रकच्या प्रत्येक हॉर्नला ते आजही दचकतात. हवालदारानं पँट आखूड करायला टाकली, तर ती परत जाईपर्यंत मामांच्या घशाखाली घास उतरत नाही. मामींच्या आजारपणात सोलापूरच्या दवाखान्यात एका नर्सबाईंनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि मामा कायमचे येशूचे झाले. पण तेही चोरून! बायबल चिंध्यांच्या पेटीत, वाचन कपडे घालून बघायच्या पडद्याआड आणि प्रार्थना मशीनच्या खडखडाटात. मी एकदा पडदा सरकवला तर म्हणाले, "माप बघत हुतो." हातात टेपसुद्धा नव्हती.

खरी भीती होती ती अणदूरच्या थोरल्या भावाची. आईबापामागं त्यांनीच मामांना वाढवलेलं. त्यांच्याकडं चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलतात. ताटाला पाच पुरुषांचे हात लागतात, त्यातला पाचवा मामांचा. तो चुकवायला मामांची कंबर दरवर्षी नेमकी त्याच दिवशी धरायची. डॉक्टरांनी अभ्यासाला घ्यावी अशी कंबर!

गेल्या वर्षी मात्र मामा माझ्याबरोबर अणदूरला आले, ताटापाशी बसले आणि हात मांडीवरच ठेवून म्हणाले, "दादा, म्या येशूला मानतो. खोट्या मनानं हात लावला तर तुमच्या देवाला बी फसवल्यागत व्हईल. घरात घ्यायचं का न्हाय, तुमी ठरवा." दादांनी ताटातला भंडारा सारखा केला. मग मला म्हणाले, "जावई, तुमी लावा हात."

तळी झाली, पानं मांडली, तसे मामा चपला शोधू लागले.

"कुठं निघालास?"

"नैवेद्याचं मला चालत न्हाय, दादा."

"मग उपाशी जातूस व्हय?" म्हणत दादा स्वतः चुलीपुढं बसले आणि मामांसाठी वेगळं वांगं भाजायला घेतलं. भरीत होईस्तोवर पंगतीत कुणी घासाला हात लावला नाही.

परतताना मी विचारलं, "मामा, भीती गेली का?"

"न्हाय वो. पर आता भ्यायला येशू संगं हाय."

मला मामांचा फार हेवा वाटला. खंडोबाला काय, मी कुठल्याच देवाला कधी मनापासून मानलेलं नाही, आणि तळीला हात मात्र मीच लावला. हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.